विश्वास डळमळला तर देव रागावतो का? चेपलेल्या बोरूची गोष्ट

“विश्वास कमी पडला असेल.”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते एका घरी, सांत्वनाच्या भेटीत. घरातला कर्ता माणूस आठ महिने अंथरुणाला खिळून होता. उपास झाले, साखळी प्रार्थना झाल्या, मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक आळीपाळीने येऊन डोक्यावर हात ठेवून गेले. तरी तो गेला. चौथ्या की पाचव्या दिवशी भेटायला आलेल्या एका बाईंनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता, अगदी सहज, हे वाक्य टाकलं. त्यांच्या मनात वाईट काही नसावं. पण समोर बसलेल्या त्या विधवेचा चेहरा मला अजून आठवतो. नवरा गेल्याचं दुःख होतंच, त्यात आता तिच्यावर आरोपपत्रही दाखल झालं होतं.

ख्रिस्ती नसलेले मित्र हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारतात. मदर तेरेसांची खासगी पत्रं २००७ मध्ये पुस्तकरूपाने बाहेर आली तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला. जवळजवळ पन्नास वर्षं ही बाई आतून कोरडी होती, प्रार्थनेत तिला देव जाणवतच नव्हता, असं त्या पत्रांतून दिसत होतं. ४ सप्टेंबर २०१६ रोजी रोमने त्यांना संत म्हणून जाहीर केलं आणि तो प्रश्न पुन्हा वर आला. तुमच्यात सगळं विश्वासावर चालतं ना? मग विश्वासच डळमळला तर त्या माणसाचं काय? देव रागावतो का?

याचं उत्तर बायबलमध्ये आहे आणि बऱ्यापैकी स्पष्ट आहे. चर्चच्या बाकावर दर रविवारी बसणाऱ्यांनाही ते माहीत असतंच असं मात्र नाही.

## तिढा नेमका कुठे आहे

दोन शब्द आधी सांगून टाकतो. ‘तारण’ म्हणजे पापातून, आणि पापामुळे देवाशी झालेल्या ताटातुटीतून माणसाची सुटका. ‘कृपा’ म्हणजे ही सुटका देवाने आपली लायकी न बघता, फुकट देणं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यात याच्या तपशिलावरून शतकानुशतकं वाद झाले, पण मुळातला मुद्दा दोघांनाही मान्य आहे: स्वतःच्या पुण्याईच्या जोरावर कोणी देवापर्यंत पोचत नाही. देव देतो, माणसाने विश्वासाने हात पुढे करायचा.

ऐकायला हे किती हलकं वाटतं! पण माणसाचं मन हिशोबी. त्याने पुण्याचं खातं बंद केलं आणि त्याच वहीत पुढच्या पानावर विश्वासाचं खातं उघडलं. आज माझा विश्वास किती भरला? परवा उपासनेत डोळ्यांत पाणी आलं होतं, आज का नाही आलं? शेजारच्या काकू साक्ष देतात, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगतात, तेव्हा त्यांच्या आवाजात जी खात्री असते ती माझ्यात का नाही? अशाने फुकट मिळालेल्या देणगीचीही किंमत मोजायला लागते आणि ज्याच्या खिशात त्या दिवशी काही नसतं तो दाराशीच घुटमळतो. मंडळीच्या बोलीत अशा माणसाला ‘थंड पडला’ किंवा ‘मागे घसरला’ म्हणतात. वसईच्या कॅथलिक घरात शब्द वेगळे असतील, पण घुटमळणं तेच.

## बोरू, वात आणि आजीचा कंदील

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, ४२व्या अध्यायात, देव आपल्या एका ‘सेवका’ची ओळख करून देतो. ज्या लोकांना उद्देशून हे शब्द आहेत त्यांची अवस्था लक्षात घ्या. यरुशलेम पडलेलं, मंदिर जळालेलं, माणसं बाबेलात बंदिवान, ‘आपल्या देवाने आपल्याला टाकलं’ अशी मनाची समजूत. त्यांना सांगितलं जातं की हा सेवक रस्त्यात आरडाओरडा करणार नाही. आणि पुढे: “चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात तो विझवणार नाही.”

बोरू आपल्याला लेखणी म्हणून माहीत आहे. कचेरीत कारकुनी करणाऱ्याला आपण बोरूबहाद्दर म्हणायचो तो याचाच. पाणथळ जागी भाराभर उगवणारी, आतून पोकळ काडी. तिची लेखणी करा, बासरी करा, मापायची काठी करा. पण एकदा का ती चेपली की कुठल्याच कामाची राहत नाही. शाईही धरत नाही, सूरही धरत नाही. शहाणा माणूस ती मोडून फेकतो आणि दुसरी तोडतो, कारण दुसरी फुकट आहे. या वचनातला धक्का नेमका हा आहे. जी वस्तू जपण्यात काहीच फायदा नाही, तिच्यापाशी हा सेवक थांबतो.

वातीचं मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमच्याकडे लोडशेडिंगच्या दिवसांत कंदील असायचा. तेल तळाला गेलं की ज्योत आधी पिवळी, मग लाल, मग नुसती एक ठिणगी आणि धुराची काळी रेघ. खोलीभर घासलेटाचा वास. आम्हा पोरांना ती फुंकून टाकायची भारी हौस. आजी हात आडवा धरायची. काच फडक्याने धरून वर उचलायची, कात्रीने वातीची काजळी उडवायची, वात नखाएवढी वर सारायची आणि अंदाजाने तेल ओतायची. हे सगळं होईपर्यंत ती ठिणगी जगावी म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा तसाच. ज्योत पुन्हा धरली की काच बसवायची. फुंकर मारणं सोपं होतं. धूर लगेच थांबला असता. उजेडही गेला असता, एवढंच.

मूळ हिब्रूत पुढच्याच ओळीत एक गंमत आहे. ‘चेपलेला’ आणि ‘मिणमिणता’ यांसाठी जे धातू वापरलेत तेच परत येतात, पण आता सेवकाबद्दल: न्याय प्रस्थापित होईपर्यंत तो स्वतः मिणमिणणार नाही, चेपणार नाही. भाषांतरात हा दुवा सहसा हरवतो. चेपण्याची आणि विझण्याची वेळ त्याच्यावरही येणार आहे, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. तो वरून खाली वाकून दया करणारा परका नाही. त्याच वाऱ्यात उभा आहे.

येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तयाने हे शब्द येशूला लावले, तेही एका विशिष्ट प्रसंगी. शब्बाथाच्या दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या वारी, येशूने हात वाळलेल्या एका माणसाला सभास्थानात बरं केलं. नियम मोडला म्हणून परूश्यांनी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांनी, त्याचा काटा काढायचं ठरवलं. येशू वाद घालत बसला नाही. तो तिथून निघून गेला आणि मागोमाग आलेल्या आजाऱ्यांना बरं करत राहिला. इथे मत्तय थांबतो आणि यशयाचा बोरू आठवतो.

## ‘सौम्य’ म्हणजे नेमकं काय

हा शब्द मराठीत जरा बिचारा झालाय. सौम्य औषध म्हणजे फारसं लागू न पडणारं, आणि वर्तमानपत्रातला ‘सौम्य लाठीमार’ काय असतो ते ज्याच्या पाठीवर पडला त्याला विचारा.

मत्तयाच्या ११व्या अध्यायात येशू ‘कष्टी व भाराक्रांत’ लोकांना जवळ बोलावतो आणि स्वतःच्या मनाबद्दल सांगतो, “मी मनाचा सौम्य व लीन आहे.” चारही शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, आपलं मन कसं आहे हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली जागा ही एवढीच. इथला ग्रीक शब्द माणसाळलेल्या घोड्यासाठीही वापरत. ताकद सगळी आहे, पण लहान पोर जवळ गेलं तर लाथ बसत नाही.

लगेच पुढे तो जुवाची गोष्ट काढतो: माझं जू सोयीचं, माझं ओझं हलकं. शेतकऱ्याच्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. जू नीट बसलं नाही की बैलाचा खांदा सोलवटतो, सुजतो. ‘खांदा आला’ म्हणतात. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर ज्या खांद्याने जू वाहिलं त्यालाच हळद आणि तूप चोळायचं. येशू जू काढून टाकतो असं इथे म्हटलेलं नाही. खांदा बघून जू बसवणारा तो आहे.

## एलीया: भाकर, पाणी, झोप, परत भाकर

या वागण्याचा सगळ्यात तपशीलवार नमुना जुन्या करारात सापडतो, १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात. मला विचाराल तर धर्मसेवेचं शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला हा अध्याय पाठ पाहिजे.

एलीया हा संदेष्ट्यांमधला वाघ. कर्मेल डोंगरावर त्याने बआल या परक्या देवाच्या साडेचारशे संदेष्ट्यांना एकट्याने आव्हान दिलं आणि जिंकला. त्यानंतर ईजबेल राणीचा निरोप येतो: उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेते. कालचा वाघ पळत सुटतो. बैर-शेब्यापर्यंत जातो, चाकराला तिथेच सोडतो, एकटाच दिवसभराची वाट रानात चालतो आणि एका झुडपाखाली बसून देवाला म्हणतो, आता पुरे, माझा जीव घे. मग झोपी जातो.

देवदूत येतो. आता आपल्यापैकी कोणीही काय म्हटलं असतं? कालच तर एवढा चमत्कार बघितलास आणि आज रडतोस? देवदूत त्याला नुसता स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पितो आणि परत आडवा होतो. त्याबद्दलही कोणी बोलत नाही. देवदूत दुसऱ्यांदा येतो, दुसऱ्यांदा हात लावतो: ऊठ, खा, पुढची वाट तुला झेपणारी नाही. ‘झेपणारी नाही’ हे देवाच्या बाजूनेच म्हटलं जातं. एलीयाला ते कबूल करायला लावलं जात नाही.

चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोचतो. तिथे देव प्रश्न विचारतो: तू इथे काय करतोस? एलीया आपली तक्रार मांडतो. वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी येतो. देव यांपैकी कशातच नसतो. मग येते एक शांत, मंद वाणी. परत तोच प्रश्न, आणि एलीयाची परत तीच तक्रार, जवळजवळ शब्दाला शब्द. एवढं सगळं बघूनही त्याचं मन तसूभर हललेलं नाही. देव तेही चालवून घेतो. मग त्याला पुढचं काम देतो, सोबतीला अलीशा देतो, आणि ‘मी एकटाच उरलो’ या त्याच्या म्हणण्यावर जाता जाता सांगतो की इस्राएलात अजून सात हजार आहेत. हिशोबातली चूक दाखवली, पण दोन जेवणं आणि दोन झोपा झाल्यावर.

## किती विश्वास पुरे?

मार्कच्या ९व्या अध्यायात झटके येणाऱ्या मुलाचा बाप आहे. शिष्यांकडून काही झालेलं नाही, गर्दी जमलीय, पोरगं जमिनीवर तोंडाला फेस येऊन तळमळतंय. बाप येशूला म्हणतो, काही करता येत असेल तर करा. येशू त्या ‘असेल तर’वर बोट ठेवतो. तेव्हा बाप ओरडतो: “माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.”

व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य स्वतःलाच खोडतं. मुलाखतीत असं बोललं तर नोकरी मिळणार नाही. पण पोरगं बरं झालं. ‘आधी टक्केवारी वाढवून या’ असं येशू म्हणाला नाही.

आपल्याकडे भक्तीविषयी दोन न्याय सांगतात. मर्कटन्यायात माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला घट्ट धरून राहतं. आई उडी मारते तेव्हा पकड पिल्लाची. मार्जारन्यायात मांजरी पिल्लाला मानगुटीला धरून उचलते. पिल्लू नुसतं लोंबकळत असतं, पकड आईची. रामानुजांच्या परंपरेत यावरून दोन तट पडले, ती चर्चा वेगळी. पण ख्रिस्ती विचार समजायला ही जोडी फार उपयोगी आहे. आपण विश्वासाला माकडाच्या पिल्लाची मूठ समजतो आणि रात्रंदिवस ती चाचपत बसतो. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालताना बुडायला लागला, त्या प्रसंगाचा क्रम बघा. “प्रभुजी, मला वाचवा” म्हटल्याबरोबर येशूने आधी हात पुढे करून त्याला धरलं, आणि मग विचारलं, “अरे अल्पविश्वासी, तू संशय का धरलास?” टोमणा आहे, कबूल. पण तोवर माणूस हातात आला होता.

## पण ‘विश्वास कमी म्हणून बरा झाला नाही’ हे बायबलमध्ये नाही का?

आहे, पण ते ज्या ठिकाणी आहे तिथे बोलणी आजाऱ्याला बसलेली नाहीत. मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाचं वाक्य येशू म्हणतो ते मुलाला बरं करायला निघालेल्या शिष्यांना. म्हणजे प्रार्थना करणाऱ्यांना! ज्याच्यासाठी प्रार्थना झाली त्याला, किंवा त्याच्या बायकोला नाही.

आणि येशूचा संदेश दूरवर नेणाऱ्या पौलाचंच घ्या. स्वतःच्या शरीरातल्या एका ‘काट्या’साठी त्याने तीनदा विनवणी केली, काटा राहिला आणि “माझी कृपा तुला पुरे आहे” एवढं उत्तर मिळालं. त्याचा तरुण सहकारी तीमथ्य याचं पोट वरचेवर बिघडायचं, तर नुसतं पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घेत जा, असं त्याला लिहिलेलं आहे. विश्वास वाढव असं नाही. त्रफिम नावाचा सोबती आजारी पडला म्हणून त्याला मिलेत गावात मागे ठेवावं लागलं. हे तिन्ही पक्के विश्वासी. आजार आणि विश्वास यांचं सरळ त्रैराशिक मांडणारे लोक त्रफिमबद्दल कधी बोलताना मी ऐकलेले नाहीत.

## मग मंदिरातला चाबूक कोणासाठी होता?

हा आक्षेप खरा आहे. येशूने सराफांचे चौरंग पालथे केले, परूश्यांना ‘चुना लावलेल्या कबरी’ म्हटलं. सौम्य माणसाचं बोलणं हे नव्हे.

पण तो कोणावर कडाडतो ते बघत गेलं की एक रेघ दिसते. लोकांच्या खांद्यावर जड ओझी लादून स्वतः बोटही न लावणारे, विधवांची घरं गिळणारे, धर्माची काठी ज्यांच्या हातात आहे असे. विहिरीवरची शोमरोनी बाई (यहुदी ज्यांना हलकं लेखत त्या समाजातली), जकातदार, व्यभिचारात धरलेली स्त्री यांच्याशी तो स्पष्ट बोलतो, पण आवाज चढत नाही. एकाच माणसातही हा फरक दिसतो. पेत्र स्वतःला शहाणा समजून येशूलाच शिकवायला गेला तेव्हा “अरे सैताना, माझ्या मागे हो” असा तडाखा बसला. तोच पेत्र मोडून पडला तेव्हाची वागणूक वेगळी.

येशूला धरून नेलं ती रात्र योहानाने आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवलीय. महायाजकाच्या वाड्यात थंडी होती म्हणून चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता. तिथे शेकत उभं राहून पेत्राने तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. पुढे पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवरावर रात्रभर मासे न मिळालेले शिष्य पहाटे किनाऱ्याला येतात, तर येशूने कोळशाचा विस्तव करून त्यावर मासळी ठेवलेली, बाजूला भाकर. कोळशाच्या विस्तवासाठीचा तो ग्रीक शब्द अख्ख्या नव्या करारात फक्त या दोन ठिकाणी येतो. वास तोच, ऊब तीच. “या, न्याहारी करा” असं आधी, आणि न्याहारी झाल्यावर तीन प्रश्न: माझ्यावर प्रीती करतोस का? तीन नकारांना तीन. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटलं, असं योहान नोंदवतो.

## इतकं सांभाळून घेतलं तर माणूस शेफारेल

पेत्राला वाईट वाटलं, त्यातच याचं अर्धं उत्तर आहे. हाड बसवणारा हळुवार हाताचा असला तरी बसवताना कळ येतेच. न बसवता नुसता पाठीवरून हात फिरवणारा हळुवार म्हणता येणार नाही. त्याला आपल्या हाडाची पर्वाच नाही. आणि त्या तीन प्रश्नांनंतर पेत्राला मिळालं ते काम, “माझी मेंढरे चार”, आणि त्या कामापायी मरण येईल याची सूचना.

जर्मन पाळक दीट्रिश बोनहोफर यांनी १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपा’ या नावाने याच शेफारण्यावर टीका केली: पश्चात्ताप नको, शिस्त नको, फक्त माफी हवी, अशी वृत्ती. हिटलरला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी झाली, त्यामुळे त्यांचा शब्द हलक्यात घेता येत नाही. पण ते सुस्त, सुखवस्तू चर्चला उद्देशून बोलत होते. हेच औषध खचलेल्या माणसाला पाजलं तर तो मरेल. गाढ झोपलेल्याला हलवतात, तापाने फणफणलेल्याला नाही. प्युरिटन, म्हणजे त्या काळचे कडवे इंग्रज प्रोटेस्टंट, तर कडकपणासाठी बदनाम. त्यांच्यातलेच रिचर्ड सिब्ज यांनी १६३० मध्ये या बोरूच्या वचनावर अख्खं पुस्तक काढलं, आणि लोक ते आजही वाचतात.

## फुलहॅमचं घर

आपल्या मातीतला दाखला द्यायचा तर पंडिता रमाबाईंचा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींकडे राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला चालवलेलं एक घर दाखवलं. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायका तिथे राहत होत्या, आणि त्यांच्याशी आजारी माणसाशी वागावं तसं जपून वागलं जात होतं. संस्कृत शास्त्रं मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना प्रश्न पडला: यांना या बायकांची एवढी पर्वा का? उत्तरादाखल एका भगिनीने योहानाचा चौथा अध्याय, शोमरोनी बाईची गोष्ट, वाचून दाखवली. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. रमाबाई नंतर प्रांजळपणे लिहितात की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मधली सात-आठ वर्षं त्यांनी शंका काढल्या, वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. त्या वर्षांत ‘विश्वास कमी’ म्हणून त्यांना कोणी मोडीत काढलं असतं तर केडगावचं मुक्ती मिशन आणि रमाबाईंचं मराठी बायबल यांचं काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तर तुकोबांच्या वळणावर जाऊन ख्रिस्तालाच आई आणि गुरू एका दमात म्हटलं. मराठी ख्रिस्ती माणसाला ‘माउली’ हा शब्द बाहेरून आणावा लागला नाही.

## आणि ज्याला शेवटपर्यंत काहीच जाणवत नाही?

इथवरच्या सगळ्या गोष्टी गोड संपल्या. सगळ्यांच्या तशा संपत नाहीत, आणि हे लपवणं म्हणजे त्या विधवेला दुसऱ्यांदा फसवणं.

बायबलही ते लपवत नाही. दीडशे स्तोत्रांपैकी बरीचशी विलापाची आहेत. बहुतेकांत शेवटी आशेची एखादी ओळ येते. ८८व्यात येत नाही. ते अंधारावर संपतं. तरी उपासनेच्या पुस्तकात त्याला जागा आहे, आणि ते म्हटलं जातं देवालाच उद्देशून.

विल्यम कूपर या इंग्रज कवीची हकिकत अशीच आहे. १७६३ मध्ये त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला, सेंट ऑल्बन्सच्या मनोरुग्णालयात राहिला, तिथे त्याला विश्वास गवसला. मग ओल्नी गावी तो जॉन न्यूटनचा शेजारी झाला. हा न्यूटन पूर्वी गुलामांच्या जहाजाचा कप्तान, नंतर धर्मगुरू. दोघांनी मिळून लिहिलेली गीतं १७७९ मध्ये छापली गेली आणि जगभर गायली गेली. पण १७७३ च्या सुरुवातीला कूपरचं मन परत ढासळलं. देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे अशी त्याची पक्की समजूत झाली, आणि १८०० मध्ये मरेपर्यंत ती पुरती गेली नाही. ज्याची गीतं म्हणत लोकांना धीर आला त्यालाच तो नाही.

आज आपण याला नैराश्याचा गंभीर आजार म्हणू आणि डॉक्टरकडे नेऊ. नेलंच पाहिजे; देवदूताने भाकर आणली तशी आज कोणी गोळ्या आणल्या तर त्यात विश्वासाला कमीपणा कुठला? तेव्हा गोळ्या नव्हत्या. न्यूटनने कूपरला स्वतःच्या घरी आणून वर्षाहून जास्त ठेवून घेतलं. वाद घालून त्याची समजूत बदलेल अशी आशा फार दिवस टिकली नसणार. तरी घर उघडं राहिलं.

१७७४ मध्ये शेजाऱ्यांनी कूपरला सशाची पिल्लं आणून दिली, मन रमेल म्हणून. त्याने तीन पाळले: पस, टायनी आणि बेस. पुढे त्याने त्यांच्याविषयी एका मासिकात लिहिलंही. एकदा पस तीन दिवस आजारी पडला. कूपरने त्याला इतरांपासून वेगळं ठेवलं, आपल्या हाताने भरवलं, नाना पाले पुढे करून कुठला खातो ते बघत राहिला. ससा वाचला. बरा झाल्यावर त्याने कूपरचा हात चाटला: आधी वरची बाजू, मग तळवा, मग एकेक बोट, मग बोटांच्या बेचक्या, एवढीशी जागाही न सोडता.